दोन तारा, सोळा मीटर

पूर्णा जंक्शनच्या मागं, रेल्वेच्या पडीक मैदानात,
जिथं उन्हाळ्यात टाच अडकेल एवढ्या भेगा पडतात,
भुजंगराव सोनटक्के मधोमध उभे राहतात
आणि स्वतःभोवती फिरतात.
सोळा मीटरवर, दोन तारांच्या टोकाला,
थर्माकोलचं एक पिवळं विमान
त्यांना प्रदक्षिणा घालतं.

पोरं विचारतात, आबा, रिमोट का नाही घेत?
आबा म्हणतात, रिमोटला वजन नस्तं.

छत्तीस वर्षं सिग्नलच्या तारा सांभाळल्या त्यांनी.
केबिनमध्ये एक माणूस दांडा ओढायचा,
अर्ध्या मैलावर लोखंडी हात खाली झुकायचा,
आणि मधल्या पुल्यांना तेल घालत
हे चालत राहायचे, उन्हातान्हात, खडीवरून.
उन्हानं तार लांबते. थंडीनं आखडते.
हे त्यांना तळव्यातून कळायचं.
मग सगळं बटणावर आलं.
तारा भंगारात गेल्या, किलोच्या भावानं.

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान बसस्टँडसमोर.
एका दुपारी त्यांनी काउंटरवर रुमाल सोडला:
मोटर, बॅटरी, एनॅमल चढवलेल्या तारेची दोन रिळं.
"तबस्सुम, वर-खाली मी हातानं करतो.
पण वेग? वेगाचा निरोप
ह्याच तारांतून धाडता येईल का?"

आठ दिवस लागले.
मुठीत एक खटका, तर्जनीसाठी.
खटका जेवढा दाबाल तेवढी ठोक्याची लांबी,
एक हजार मायक्रोसेकंद म्हणजे गप,
दोन हजार म्हणजे जीव तोडून.
पलीकडं, पंखाखाली, नखाएवढी चिप
ठोके मोजते आणि मोटरला सांगते.
पहिल्यांदा मोटरचीच खरखर तारेत शिरली,
विमान उचकी लागल्यासारखं उडालं.
मी एक कपॅसिटर लावला. उचकी गेली.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर.
मी लिहिलं होतं: निरोप तुटला,
तर शेवटचा वेग तसाच ठेव.
त्यांनी चष्मा काढला.
"न्हाई. तार तुटली की हात आडवा.
आमच्या सिग्नलला वजन बांधलेलं असायचं, त्याच्यासाठी.
काहीच कळंना झालं तर
थांब म्हणायचं. जा म्हणायचं न्हाई."
मी म्हणाले, आबा, थांबलं की पडतं ते. ही गाडी न्हाई.
ते म्हणाले, पडू दे.

मी दोन ओळी बदलल्या. अर्धा सेकंद वाट, मग शून्य.
मनात म्हणाले, म्हातारा हट्टी आहे.

तिसऱ्या रविवारी त्यांनी चार गिरक्या मारल्या, उभ्या,
एकाच दिशेनं. तारांना पीळ बसला,
पिळात तार तारेला घासत राहिली,
कुठंतरी एनॅमल सोललं.
आवाज बंद.
एकदम, टीव्हीची वायर ओढावी तसा.

विमान डोक्याहून उंच, आणि तारा सैल पडायला लागलेल्या.
तेव्हा मी पाहिलं, सत्तरीचा माणूस
उलटा पळताना. मागं, मागं, भेगा चुकवत,
नजर वर, मूठ छातीशी,
जेवढी ढील पडेल तेवढं अंतर तोडत.
तारा ताणलेल्याच राहिल्या.
विमान धुरळ्यात टेकलं, पंखा मोडला,
एक चाक निघून बाभळीखाली गेलं.

ते खाली बसले. जग त्यांच्याभोवती अजून फिरत असावं.
एक हात जमिनीवर, दुसऱ्यात मूठ तशीच.
"मोटर चालू राह्यली असती तर?" मी विचारलं.
त्यांनी मैदानाच्या कडेच्या पोरांकडं पाहिलं,
गोळा विकणाऱ्याच्या गाडीकडं,
आणि काहीच बोलले नाहीत.

लांब नांदेडकडची गाडी सिग्नलला उभी होती.
दिवा तांबडा, तारेशिवायचा.
"त्याला न्हाई कळत," ते म्हणाले, "आपण किती ओढलं ते."

दुकानात आल्यावर मी वहीत लिहिलं:
सोनटक्के. तार नवी, दोन्ही. कपॅसिटर एक.
पैसे बाकी.
मजुरीच्या रकान्यात पेन थांबला,
तो रकाना अजून तसाच आहे.